गप्प बसणं म्हणजे कबूल नव्हे

उस्तानी, तुम्ही प्लेगात गेलात त्याला जमाना झाला, मी आता आजी झाले, तरी भाकरी थापताना तुमच्याशीच बोलत असते. सून हसते. आज म्हटलं, लिहूनच काढू.

भोईवाड्याच्या चाळीत तुमच्या चुलीपुढे आम्ही मुली कुराण वाचायला बसायचो. इतर ठिकाणी नुसतं पाठ करून घेत. अर्थ विचारला की, 'पोरींना काय करायचाय अर्थ?' तुम्ही मात्र तव्यावरची भाकरी उलटता उलटता आपल्या बोलीत सगळं उलगडून सांगायचात. 'मोमिन मर्द आणि मोमिन औरत, अल्लानं दोघांना वेगवेगळी हाक मारलीय. मग मधे दलाल कशाला?' बाई गं, केवढी ती हिंमत! मौलवीसाहेबांच्या कानावर जाईल याचीही तुम्हाला फिकीर नसायची.

आणि मग माझा निकाह. मी पडद्याआड बसलेय, मामू माझे वकील, म्हणजे माझ्या वतीनं होकार सांगणारे, म्हणून दोन साक्षीदार घेऊन विचारायला आलेत. 'कबूल आहे?' माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, डोळ्यांना नुसती धार लागलीय. आमच्यात नवरी बोलतच नसे, रिवाजच तसा. मामू वळले, 'गप्प आहे, म्हणजे कबूल.' तेवढ्यात बायकांतून तुम्ही उठलात. 'थांबा. गप्प राहायची मुभा पैगंबरांच्या हदीसमध्ये लाजणाऱ्या पोरीसाठी आहे, तुमच्या सोयीसाठी नाही. ही लाजत नाही, रडतेय.' मामू तडकले, 'आता तुम्ही आम्हाला दीन-धरम शिकवणार?' 'शिकवतेच आहे की,' तुम्ही म्हणालात आणि माझ्यासमोर येऊन बसलात. 'हो म्हण नाहीतर नाही म्हण. पण तू म्हण.'

मी म्हटलं, 'नाही.'

वऱ्हाड परत गेलं. अब्बा माझ्याशी बोलेनात. चाळीतल्या आयांनी आपापल्या मुली तुमच्याकडून काढून घेतल्या, म्हणे ही बाई पोरी बिघडवते. चुलीपुढे मी एकटी उरले. इतकं सोसून तुम्ही मला एका शब्दानं दोष दिला नाहीत, नुसतं म्हणालात, 'चल, पुढचं वाच.' तुमच्यासारखं काळीज मी पुन्हा पाहिलं नाही.

हे कुठे धाडायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. सगळ्यांना वाटलं, नवरा माझ्या मनाला आला नाही. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. तो बोटीवर नोकरी करायचा, माणूस चांगला होता हो, दिसायलाही बरा. पण त्याच्यासोबत मला कोकणात जावं लागलं असतं, आणि तुमच्याकडचं कुराण अर्ध्यावरच आलं होतं. मला ते पुरं वाचायचं होतं.