कठडा कोणी खाली ठेवला

तीर्थरूप बाबा,

तुमच्या लेकीचा वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. नर्सिंगचा पहिला पेपरही बरा गेला. आईचा गुडघा आता कसा आहे?

एक गोष्ट सांगायची राहिली. सोमवारी वॉर्डातल्या एका आजोबांना औषध देऊन मी घाईत निघाले आणि खाटेचा कठडा वर करायला विसरले. आजोबा पडले. हाड मोडलं नाही, पण कपाळाला चार टाके घालावे लागले.

"कठडा कोणी खाली ठेवला?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं. मी औषधांचा ट्रे पुसत राहिले. चादरी बदलणाऱ्या मावशींवर आळ आला आणि त्यांना घरी बसवलं.

तिसऱ्या दिवशी मी सिस्टरांकडे गेले आणि खरं ते सांगितलं. मावशी कामावर परत आल्या. मला महिनाभर रुग्णांजवळ जायचं नाही, मावशींबरोबर चादरींच्या घड्या घालायच्या आहेत.

घड्या घालताना मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, तू कठडा तसाच सोडून गेलीस ते मी पाहिलं होतं. सांगितलं असतं तर तुझं शिक्षण बुडालं असतं. मला काय, दुसरं काम मिळालं असतं."

मला मान वर करवेना, बाबा.

दुकानात येईल त्याला तुम्ही सांगता, माझी पोर कुणाला भीत नाही म्हणून. तेवढं तूर्त सांगू नका.

रागावलात तरी दोन ओळी लिहा.

तुमची,
धाकटी