खिडकीवाली खोली

बर्मिंगहॅम
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव दिया हिस,
आजीचा जयभीम आणि गालाचा एक मोठा पापा.

इकडे सगळं खुशाल आहे, तुझी खुशाली कळव, अशी सुरुवात मी सांगितली तर शशी म्हणते, ‘गिरिजाताई, आता असं कोणी लिहीत नाही.’ म्हटलं, बाई, मला जुनंही लिहिता येत नाही आणि नवंही. मी सांगते ते लिही आणि चहा गार करू नकोस.

शशी म्हणजे खालच्या फ्लॅटमधली तुझी शशीमावशीच. विहारातल्या रविवारच्या वर्गात जिनं तुला बाराखडी शिकवली आणि ‘ळ’ काढताना जिच्यापुढे तू भोकाड पसरलंस, तीच. तिचे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून हे मराठीत. तू बोट ठेवून हळूहळू वाचतेस, ते मला चालतं. ती याचा फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवेल, नाहीतर पोस्टानं पत्र पोचेपर्यंत मीच पोचायची.

हो, पोचायची. मी आणि शशी तुझ्या गावी यायचं ठरवतोय. क्वी न्योनला, तू शाळेत शिकवतेस त्या समुद्रकाठच्या गावाला. पडलीस का खुर्चीवरून? ऊठ. मार्चमध्ये येतो. तुझ्या खोलीत गर्दी करणार नाही, हॉटेलात राहू. स्वस्तातल्या. डोंगरावर तो एवढा मोठा बसलेला बुद्ध आहे म्हणालीस, त्याला एकदा हात जोडायचे. बाकी दोन म्हाताऱ्यांना समुद्र दिसला आणि कमोड मिळाला की झालं.

सकाळपासून शशीच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलोय. तिकडची हॉटेलं म्हणजे उभ्या ठेवलेल्या काडेपेट्या. रुंदीला एक खोली आणि उंचीला आभाळ. शशी चष्मा लावून वाचते, ‘याला दोनच स्टार आहेत, ताई.’ म्हटलं, बर्मिंगहॅमच्या आभाळात तेवढेही नसतात, घे. मग म्हणते, ‘एका जर्मन बाईची तक्रार आहे. पहाटे कोंबडा आरवतो आणि उजाडायच्या आत लोक आरडाओरडा करत पोहायला जातात.’ म्हटलं, हेच घे. इतकी वर्षं या देशात राहून मी एक कोंबडा ऐकलेला नाही. इथले कोंबडेही शेजाऱ्यांना घाबरतात.

रात्री लोक मोटरसायकली हॉटेलच्या दिवाणखान्यात आणून लावतात म्हणे, आणि पासपोर्ट काउंटरवर ठेवून घेतात. शशीला ते पटेना. ‘पासपोर्ट दिला तर आपण कोण, हे कशावरून?’ म्हटलं, काळजी करू नकोस, आपल्यासारख्या आणखी दोघी त्यांच्याकडे येणार आहेत कुठून?

एक मात्र मला खटकलं. तिकडे खिडकी असलेली खोली वेगळी आणि बिनखिडकीची वेगळी. बिनखिडकीची स्वस्त. शशी म्हणाली, ‘तीच घेऊ, दिवसभर बाहेरच तर असणार आपण.’ मी नको म्हटलं. माणसानं सकाळी डोळे उघडले आणि सकाळ झाली की नाही हेच कळलं नाही, तर त्यानं उठायचं कशासाठी? तुझ्या खोलीला खिडकी आहे ना गं? व्हिडिओवर तुझ्यामागे नेहमी दारच दिसायचं.

भीती वाटते का म्हणशील, तर वाटते. विमानाची वाटते. त्या काडेपेटीतल्या लिफ्टची वाटते. समुद्राचीही वाटते, मी उमरेडकडची, आमच्याकडे तळ्याच्या पुढे पाणी नव्हतं. आणि खोली चुकायची वाटते. सगळी दारं सारखी, नंबर मला वाचता येत नाही. म्हणून मी निळी फीत बरोबर घेतेय, कडीला बांधायला. लीड्सला तुझ्या कॉलेजच्या हॉल्समध्ये तू बांधली होतीस ना माझ्यासाठी, तशी.

शशी विचारतेय, ‘लीड्सला तुम्ही कधी गेला होतात?’ हे लिहू नकोस म्हटलं, तर बयेनं तेही लिहिलं.

तुझा घसा बसलाय का? बऱ्याच दिवसांत आवाज नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर.

तुझ्या डोक्यावरून हात फिरवणारी,
आजी

(शशीमावशीचाही जयभीम. ऱ्हस्व-दीर्घ माझे, बडबड त्यांची.)



बर्मिंगहॅम
रविवार, २३ फेब्रुवारी

चिरंजीव दिया बाळा,

तुझं उत्तर आलं. म्हणजे मुंग्या आल्या.

माझ्या फोनात तुझ्या फोटोखाली पूर्वी माइकचं इवलंसं चित्र यायचं. ते दाबलं की तू बोलायचीस. ‘आजी, आज पोरांनी मला फणस दिला.’ ‘आजी, इथल्या होड्या टोपलीसारख्या गोल आहेत, थांब, ऐक, लाटा ऐक.’ मी भाजी चिरता चिरता लाटा ऐकायची. आता चित्र येत नाही. काळ्या मुंग्यांची रांग येते आणि रांगेच्या शेवटी पिवळा हसरा चेहरा.

ही रांग शशीनं वाचली. ‘आजी, डोन्ट कम नाऊ प्लीज. खूप हॉट आहे. हॉटेल्स आर नॉट नाइस. स्कूलमध्ये एक्झाम्स आहेत. आय ॲम फाइन, जस्ट टायर्ड. लव्ह यू.’ शशीनं चांगलं हावभाव करून वाचलं, वर्गात कविता वाचते तसं. पण तो तुझा आवाज नव्हता.

सुहासला रीडिंगच्या घरी फोन केला. तुझे बाबा म्हणाले, ‘अगं आई, रोज मेसेज येतो तिचा. स्मायली असतात. मजेत आहे ती, तू उगाच काय?’ तो वाचतो आणि त्याचं समाधान होतं. मला ती सोय नाही.

मग मी विचार करत बसले. दिया, तू मला लिहितेस. मला. आख्ख्या घरात एकच माणूस असं आहे ज्याला लिहिलेलं काही कळत नाही, आणि तू त्यालाच लिहायला लागलीस. विसरलीस म्हणावं, तर तू विसरणारी नाहीस. माझ्या औषधांच्या डब्यांवर सूर्य आणि चंद्र काढून देणारी तू.

असं तू पूर्वी एकदाच केलं होतंस. लीड्सला, दुसऱ्या वर्षी.

इथे शशीनं पेन खाली ठेवलं. ‘ताई, काय झालं होतं लीड्सला?’ म्हटलं, लिही, लिहिता लिहिता कळेल तुला.

तेव्हाही आधी माइक गेला. मग मुंग्या आल्या, हसऱ्या चेहऱ्यांच्या. त्याचा अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता. मी आपली तिळाचे लाडू घेऊन कोच बसनं आले, निळी फीत शोधली, दार ठोठावलं. तू पलंगाला टेकून जमिनीवर बसली होतीस. पडदे ओढलेले. म्हणालीस, ‘आजी, मला जगायचंच नाहीये.’ मराठीत म्हणालीस, आणि एकही चूक न करता. एरवी तुला ‘तो खुर्ची’ की ‘ती खुर्ची’ हे कळत नाही.

मग डॉक्टर झाले. मग ती बाई, जिच्याशी तू दर आठवड्याला बोलायचीस. मग उन्हाळा आला आणि एके दिवशी तू माझ्या चपात्यांना नावं ठेवलीस, तेव्हा मला कळलं, परतली पोर. तू मला शपथ घातली होतीस, मम्मी-बाबांना सांगायचं नाही. मी पाळली. या घरात माझ्या पोटात सगळ्यात जास्त दिवस टिकलेली गोष्ट तीच.

(ताई, जरा थांबा. माझे डोळे पुसू द्या.)

थांबले. झालं? लिही.

दिया, समुद्र बघायचा आहे हे खरं आहे. बुद्धाला हात जोडायचे आहेत हेही खरं आहे. कोंबडा तर पाहिजेच. पण त्यासाठी मी येत नाहीये. आणि मागच्या पत्रात ज्या भीत्या सांगितल्या ना, विमानाची, लिफ्टची, त्या सगळ्या मी पुढे उभ्या केलेल्या होत्या, मागची दिसू नये म्हणून. मागची ही आहे. फोन टिणकन वाजतो. हातातलं टाकून मी फोन उचलते आणि चित्र शोधते. माइक आहे का? नाही. मुंग्या. मग वाटतं, बरं, मुंग्या तरी आल्या. लिहिलंय म्हणजे आहे. आणि मग पुढची मुंगी येईपर्यंत मी फोन हातात धरून बसते. काल आमटी करपली. आज मी मीठ दोनदा घातलं, शशीनं मुकाट्यानं खाल्लं. मी एवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते गं, तुझे आजोबा गेले तेव्हाही नाही.

चुकतही असेन. म्हाताऱ्यांना नसती भुतं दिसतात. चुकत असेन तर मला हस. पण आवाजात हस, पिवळ्या चेहऱ्यात नको.

तर काम सांगते. हे पत्र मोठ्यानं वाच. सगळं नको, एक ओळ. वाचताना माइक दाबून धर आणि पाठव. अडखळलीस तरी चालेल, रडलीस तरी चालेल. आज-उद्यात आवाज आला नाही, तर मी ती शपथ मोडणार आहे. सांगून मोडणार, चोरून नाही. मग राग धर. रागवायला माणूस असावं लागतं, तेवढं मला पुरे.

कान लावून बसलेली,
आजी

(दिया, मी शशी. ताई म्हणतात, पेन तुझं असलं तरी पत्र माझं आहे. म्हणून एवढंच: माझाही फोन उघडा आहे. केव्हाही. ‘ळ’ आला नाही तरी.)



बर्मिंगहॅम
मंगळवार, २५ फेब्रुवारी

माझ्या दिया,

आलं. चित्र आलं.

काल मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते, तिथेच खाली बसले आणि दाबलं. आधी पंखा ऐकू आला. मग लांबून कुठली तरी मोटरसायकल. मग तू म्हणालीस, ‘चि... चिरं...’ आणि पुढे काही नाही. नुसता श्वास. नाक ओढलंस दोनदा. आणि संपलं.

शशी म्हणाली, ‘ताई, यात काही बोललेलीच नाही ती.’ म्हटलं, गप्प बस, परत लाव. तीनदा लावलं. सगळं बोललीस तू.

आणि एक. समुद्राच्या गावात राहतेस आणि त्यात लाटा नव्हत्या. तुझ्या खोलीला खिडकी नाही. बरोबर ना?

मी शपथ मोडली. आवाज आला तर मोडणार नाही, असा सौदा होता खरा. पण तो आवाज ऐकल्यावर तर मोडलीच. सुहासनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘पण आई, ती तर स्मायली पाठवायची.’ आणि माझं एवढं मोठं पोर फोनवर हुंदके देऊन रडलं. तुझ्यावर कोणी रागावलेलं नाही. माझ्यावर थोडा रागावलाय, ते मी बघून घेईन, त्याला मीच वाढवलाय.

आता नीट ऐक. तू मम्मीला एकदा तुझ्या शाळेत शिकवणाऱ्या लानचा नंबर दिला होतास, तुला आंबे आणून देते ती. मम्मी तिच्याशी बोललीय. ती आज संध्याकाळी जेवण घेऊन येईल आणि रात्री तुझ्यापाशीच राहील. तिला आत घे. बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस, भात खा. लीड्सच्या त्या बाईंनाही मम्मीनं शोधून काढलंय. त्या तुझ्याशी फोनवर बोलायला तयार आहेत, आणि तिथला डॉक्टर कुठे गाठायचा तेही सांगणार आहेत. हो म्हण.

तिकिटं अलीकडे ओढली. परवा, गुरुवारी निघतो. मी, शशी आणि तुझी मम्मी. बाबा मागून येतात. तुला उचलून न्यायला येत नाही. राहायला येतोय. तिथेच राहायचं की इकडे यायचं, ते बरी झालीस की तू ठरव, घाई कोणालाच नाही.

हॉटेल तेच, कोंबड्याचं. खिडकीवाली खोली घेतली, समुद्राकडची. शशी दुकानात दहा पेन्सांसाठी हुज्जत घालणारी बाई, पण खिडकीचे जादा पैसे तिनं चकार शब्द न काढता भरले. तेव्हा मला कळलं, तीही घाबरलीय. पलंग तीनच सांगितले. चौथा कशाला, तू माझ्या कुशीत मावतेस. पाय बाहेर येतील, येऊ देत.

भीती गेली का म्हणशील, तर नाही गेली. तुझं दार उघडून तुला डोळ्यांनी बघेपर्यंत ती जायची नाही. येऊ दे बरोबर. तिला तिकीट लागत नाही.

तू फक्त एक कर. तुझ्या दाराच्या कडीला काहीतरी निळं बांध. फीत नसेल तर ओढणी, रुमाल, नाडी, काहीही. आत्ता ऊठ आणि बांध. त्या गल्लीतली दारं सारखीच असणार आणि मला नंबर वाचता येत नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्यावाचून मला तुझं दार सापडायचं नाही गं.

बांधलीस की माइक दाब आणि म्हण, ‘बांधली’. बाकी काही बोलू नकोस. आणि मी येईपर्यंत ती गाठ सोडू नकोस.

तुझं दार शोधत निघालेली,
आजी