उरलेलं गोड पाणी

ग्म्युंड, ५ मार्च १९५१

ती. ओटिलीताईस,
धाकट्या गेबहार्टचा शि. सा. न. वि. वि.

लिओबा परवा इस्नीला तुझ्याकडे सुखरूप पोचली असेल. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि झापलं मात्र मला! सतरा वर्षं ती आपल्या मुलाम्याच्या कारखान्यात बफच्या चाकापुढे बसतेय, निकेल चढवलेले नळ नि दारांच्या मुठी घासून चमकवतेय, आणि तो सगळा धुरळा तिच्या छातीत जातोय. आणखी वर्षभर तिथं बसवलंत तर पुढच्या वेळी माझ्याकडे येऊ नका, सरळ पाद्रीबाबांकडे जा, म्हणाले.

पण ताई, आता ऐक, आणि फुशारक्या मारतो म्हणून हसू नकोस. मला शोध लागलाय! मुलामा चढवायच्या हौदाच्या तळातून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि पाणी चांगलं गरम ठेवायचं, बस्स. वस्तू हौदातून निघते तीच अशी लखलखीत, की तिच्यात बघून दाढी करावी. बफची गरजच नाही. म्युनिकच्या पेटंट कचेरीचा अर्ज भरून तयार आहे, शोधकर्ता म्हणून माझं नाव अगदी झोकात लिहिलंय.

अडचण एवढीच, की बफ न केलेला माल आमची जुनी गिऱ्हाइकं हातात धरत नाहीत. २१ तारखेला स्टुटगार्टच्या एका मोठ्या कंपनीचे इंजिनिअर प्रयोग बघायला येताहेत. त्यांनी मान डोलावली की बाकीचे मुकाट्यानं येतील, आणि ते चाक जाईल भंगारात. नाही डोलावली, तर चाक आहेच, आणि त्याच्यापुढे बसायला लिओबाशिवाय आहे कोण? मला तर तो विचारही करवत नाही.

तिला दूध पाज, रागव, पण परत धाडू नकोस. तुझा लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त लागेल.

तुझा,
गेबहार्ट


इस्नी, ९ मार्च १९५१

चि. गेबहार्टास,
ओटिलीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शोधाबद्दल शाबास! लहानपणी शाळेची घंटा मोडून दुरुस्त केली होतीस, तेव्हाही शोध लागला म्हणूनच नाचला होतास. या वेळी तरी वाजू दे, बाबा.

लिओबा बरी आहे. रात्री खोकते, पण डोंगरातली हवा मानवतेय. तू तिकडे नुसते उकडलेले बटाटे गिळत असशील, ती इथं लोणी लावून पाव खाते. वाईट वाटू दे थोडं.

एक गंमत सांगते. तुझी बायको रोज सकाळी सॅकरिनची पूड बाटलीत विरघळवते आणि दिवसभर माल्ट कॉफीत तेच गोड पाणी घालते. ठीक आहे, साखर महाग आहे. पण त्यासाठी तिला म्हणे डिस्टिल्ड पाणीच लागतं, नळाच्या पाण्यात चुना असतो. मी औषधवाल्याकडे गेले तर त्यानं विचारलं, बाई, बॅटरीत घालायला? मोटार कधी घेतलीत? आणि संध्याकाळी तळाशी उरलेलं ते पेलाभर पाणी तिच्यानं मोरीत ओतवेना! बाटली हातात धरून उभीच. घरी काय करतेस, असं मी विचारलं, तर लाजली नि म्हणाली, घरी काही वाया जात नाही. आपण श्वाबियाची माणसं चिक्कू खरी, पण ही आपल्याही वरताण निघाली.

हौद संध्याकाळी कोण भरतं, हे मात्र रोज विचारते. मी आपलं ठोकून दिलं की कारखान्यातला अलोईस भरत असेल.

तब्येतीला जप. माया तशीच ठेव.

ओटिली


ग्म्युंड, १५ मार्च १९५१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, घात झाला. काय लिहू!

चकाकी गेली! सोमवारी पहिल्या मुठी जरा मळकट निघाल्या, म्हटलं विजेचा दोष असेल. मंगळवारी आणखी मंद. काल जे बाहेर आलं ते तर बघवेना. चुलीतली राख बरी! तेच बुडबुडे, तेवढंच गरम पाणी, तोच प्रवाह, माझ्या वहीत एक आकडा इकडचा तिकडे नाही. हौद गाळला, धातूचे गज बदलले, सगळं करून पाहिलं. आज तर त्याहून वाईट. सहा दिवसांवर इंजिनिअर येऊन ठेपलेत, आणि मी त्यांना राख दाखवू?

आणि मग माझ्या हातून भलतंच घडलं. हौदाजवळ मी सोडून जातो कोण? अलोईस. वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस, बावीस वर्षं झाली. माझं डोकंच फिरलं होतं. माझ्या शोधावर जळून तू हौदात काही टाकलंस, असं मी त्याच्या तोंडावर म्हणालो. त्यानं एप्रन काढला, घडी घातली, खुंटीवर ठेवला आणि गेला. ती घडी बघून मला कसंसंच झालं.

लिओबाला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला पुन्हा त्या चाकापुढे बसवायची पाळी आली तर मी तिच्याकडे बघू कसा?

तुझा हतबुद्ध,
गेबहार्ट


इस्नी, १७ मार्च १९५१

चि. गेबहार्टास, आशीर्वाद मागाहून.

आधी खाली बस. बसलास?

लिओबाला कळू देऊ नकोस म्हणालास, पण तुझं पत्र वाचून माझा चेहरा असा झाला की तिनं ते हातातून काढूनच घेतलं. वाचता वाचता पांढरी फटक पडली. मग हसायला लागली. हसून हसून खोकला लागला, आणि खोकता खोकता रडायला लागली. मी घाबरून पाणी दिलं. अर्ध्या तासानं तिनं सगळं सांगितलं.

अरे, ते उरलेलं गोड पाणी! घरी ती ते तुझ्या हौदात ओतते! हौदातलं पाणी दिवसभर उडून जातं, ते डिस्टिल्ड पाण्यानंच भरावं लागतं, आणि विकतचं डिस्टिल्ड पाणी मोरीत घालणं तिच्या रक्तात नाही. म्हणून रोज संध्याकाळी अलोईस घरी गेला की तळाचं पेलाभर हौदात. तीन वर्षं! तुझा हौद तीन वर्षं सॅकरिन पितोय, गेबहार्ट, आणि ती इकडे आल्यापासून तो उपाशी आहे.

तुला वाटेल, चुकून झालं. मलाही वाटलं. पण ती म्हणाली, पूड संपली की चार-आठ दिवसांत माल मंद निघतो, हे तिच्या कधीच ध्यानात आलं होतं. चाकापुढे तीच बसते ना! माल मंद असला की खांदे तिचे भरून येतात. एकोणपन्नासच्या नाताळात तिनं तुला हे सांगितलंही होतं. तू हसलास. सगळ्यांसमोर म्हणालास, की बायकांनी कॉफीत लक्ष घालावं, हौदात नाही. आठवतं? मला आठवतं, कारण मीही हसले होते. आता लाज वाटते.

स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे सॅकरिनचे चार डबे आहेत, अडीअडचणीला म्हणून लढाईपासून न फोडता साठवलेले. सगळे गरम पाण्यात विरघळव आणि हौदात घाल, असा तिचा निरोप आहे. आणि अलोईसकडे जा. हा निरोप माझा आहे.

आशीर्वाद आहेतच, पण आधी ही दोन कामं.

ओटिली


ग्म्युंड, २२ मार्च १९५१

ती. ताईस,
सा. न. वि. वि. लिओबाला लिहायला हात धजत नाही, म्हणून तुलाच लिहितो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तोंडात कुणी फाडकन मारावी तसं झालं. मग डबे शोधले. हौदात ओतताना मलाच माझं हसू येत होतं आणि रडूही. मंगळवारी पहिली मूठ वर काढली. ताई, तिच्यात माझा चेहरा दिसला, अगदी नाकावरच्या तिळासकट! तसा मूर्ख चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता.

डब्यांच्या मागे चर्चची तीन वर्षांची कॅलेंडरं मिळाली. त्यांवर पेन्सिलीनं बारीक फुल्या, तेवीस. पूड संपली त्या दिवसांच्या. मी माझी वही काढून ताडून पाहिलं. तेवीस फुल्यांपुढे, चार-आठ दिवसांनी, माझ्या अक्षरात तेवीस वेळा लिहिलंय: माल मंद, कारण अज्ञात. भिंतीपलीकडे माझ्या बायकोला कारण ठाऊक होतं!

अलोईसच्या दारात सफरचंदाच्या दारूची बाटली घेऊन गेलो, बावळटासारखा उभा राहिलो. त्यानं मला पुरता अर्धा तास बोलू दिलं. मग म्हणाला की दारू बरी आहे, माफी तिच्याहून जरा पातळ आहे, पण चालेल. काल सकाळी एप्रन पुन्हा त्याच्या अंगावर होता.

इंजिनिअर काल आले. दोन तास भिंगानं एकेक मूठ तपासली. शेवटी एक मूठ खिशात घालून म्हणाले, असलाच माल हवा, बफ न करता. आणि विचारलं की शोध कुणाचा? माझ्या तोंडून निघालं, माझ्या बायकोचा. बुडबुडे माझे, असंही म्हणालो. तेवढं राहू दे ना, ताई?

जुना अर्ज फाडलाय. नवा सोबत आहे, शोधकर्ता: लिओबा. तिनं सही करावी. व्यवसायाचा रकाना मी कोरा ठेवलाय. हसण्याबद्दल तिनं मला माफ करावं, असं तिला सांग. नको, मीच सांगेन. चाकाला अजून हात लावलेला नाही, ते तिच्या हुकमाशिवाय हलणार नाही.

लोभ ठेवशीलच, थोडी लाजही राखावीस.

गेबहार्ट


इस्नी, ईस्टरचा सोमवार, २६ मार्च १९५१

प्रिय गेबहार्ट,
स. न. वि. वि.

वन्सं लिहायला बसल्या होत्या, मी त्यांच्याकडून लेखणी घेतली. तेवीस फुल्या तू एकेक करून ताडून पाहिल्यास, हे वाचून मला धक्काच बसला. माझं अक्षर तू कधी वाचशील असं वाटलंच नव्हतं. त्या नाताळात मला फार लागलं होतं, हे आज सांगते, म्हणजे संपलं. बुडबुडे तुझेच. ते नसते तर नुसती कॉफीच गोड झाली असती.

खोकला उतरतोय. पुढच्या शनिवारी येते. चाक मी स्वतः उखडणार आहे, अलोईसला नट खोलायचे पाने काढून ठेवायला सांग.

अर्जावर सही केली. व्यवसायाच्या रकान्यावरून इथं मोठी चर्चा झाली. वन्सं म्हणाल्या, गृहिणी लिही. पोस्टमास्तर म्हणाले, कोरा सोडला तरी चालतो. मी दोघांचं ऐकून घेतलं, आणि मग लिहिलं: बफवाली, निवृत्त.

तुझीच,
लिओबा