माझ्या गुडघ्यातला काळा ढग

नळदुर्ग, वैशाख १९८७

चि. शरणप्पास गुरुलिंग मास्तरांचे आशीर्वाद आणि तुझ्या अक्काची माया.

लेकरंबाळं, गुरंढोरं बरी असतील. उमरग्याच्या हातपंपाला अजून पाणी येतं म्हणे. ऐकूनच इथं घसा ओला झाला. पत्रास कारण माझा उजवा गुडघा. (तुझ्या लग्नात मला पंगतीतून चौघांनी उठवलं होतं, तोच.)

सोलापुरात एका डॉक्टरानं सोनोग्राफीचं यंत्र आणलंय. अक्काला घेऊन गेलो. बाकावर सगळ्या गरोदर बाया, मधे धोतर सावरत मी. एकीनं विचारलं, "आजोबा, सुनेला आणलं का?" म्हटलं, "न्हाय बाई, माझंच दाखवायचंय." सारा बाक पोट धरून हसला. आत डॉक्टरांनी गुडघ्यावर गारेगार मलम थापलं, मुठीएवढा दांडा फिरवला, आणि पडद्यावरच्या करड्या आभाळात काळाभोर ढग उतरला! जन्मभर चौथीच्या पोरांना पावसाच्या कविता चालीवर शिकवल्या. मी चाल धरणार, तोच डॉक्टर म्हणाले, "काळं दिसतंय ते पाणी. सांध्यात साचलंय. कूर्चाही झिजलीय."

"ऐका!" अक्का म्हणाली. "गावच्या विहिरी आटल्या, अन् ह्यांच्या गुडघ्यात डबकं!"

डॉक्टर हसले. ती दाराचा आधार घेत उठली ते त्यांनी पाहिलं असावं. म्हणाले, "आजी, तुमचाही बघू." नको नको म्हणत शेवटी टेबलावर बसली. तिचा ढग माझ्याहून मोठा निघाला. कूर्चा नावापुरती, हाडाच्या कडेला काटे. "कधीपासून दुखतंय?" तर म्हणते, "दुखायला सवड कुठंय? पाणी बोरी नदीच्या झऱ्यावरून आणायचं असतं." (चाल कुठल्या कुठं गेली माझी.)

हुकूम झाला: अक्कानं डोक्यावर घागर घ्यायची नाही, खुर्चीवर बसून मांडीचे व्यायाम करायचे, मास्तरांनी सायकल चालवायची, मांडीत बळ येतं. दोन्ही हुकूम तिनं एकत्र शिवले. आता सायकलला डबे लटकवून झऱ्यावर मी जातो. रांगेतल्या बाया म्हणतात, "मास्तर, कविता म्हणा, झरा पाझरंल!" म्हणतो. पाझरत न्हाय.

तुझा दाजी,
गुरुलिंग

ता.क. तुझ्या दूध संघाचे टँकर सध्या पाणी वाहतात असं कळलं. एखादा आमच्या दारापर्यंत वळवशील? माझं काही नाही, अक्काच्या गुडघ्याचा प्रश्न आहे.

आणखी ता.क. खालचं अक्का सांगतेय, मी निमूट लिहितोय: "शरणू, टँकर आण, गल्लीतल्या बायांचे गुडघे काय निराळे असतील? पण उभा कर पार वेशीपाशी. आमच्या दारात नको. सायकलनं ह्यांचा गुडघा आता कुठं वाकायलाय."