आमच्या वर्गाचं नाक

३ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

माणूस स्वतःच्या लेकीशी खोटं बोलायला कधी लागतो? हा प्रश्न रविवारपासून डोक्यात घोळतोय. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुम्ही बाबांच्या टेबलावर होतात, म्हणून तुम्हालाच विचारते. फोन केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवरचं सगळं बाबांना ऐकू जातं.

झालं असं, की दूध उतू जाऊन पार करपलं. आईला जिन्यात वास आला, ती धावत वर आली. बाबा शेगडीपासून हातभरावर पेपर वाचत बसले होते. आई ओरडली आणि मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, वास आला होता, पण उठायचा कंटाळा केला. बाबा आणि कंटाळा!

बाकी बरं आहे. तुमच्या शेवटच्या बाकावरच्या शेठकाकांनी त्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मला सुरक्षा अधिकारी नेमलंय. बाप मशीनवर आणि लेक टेबलावर, म्हणून हमाल आम्हाला चिडवतात. घरातली पहिली पदवीधर म्हणून आई येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं ओळखपत्र दाखवते. मी कामावर जाताना तेच शोधत बसते.

एक गोष्ट मात्र खटकते. थंडाव्यासाठी वापरतात तो अमोनिया वायू गळला तर वाजणारा भोंगा आहे, पण त्याची वायर काढून ठेवली आहे. शेठकाका म्हणतात, तो उगाच बोंबलायचा, आणि आपल्याकडे वर्गाचं नाक, म्हणजे तुझे बाबा, असताना भोंगा कशाला? हे ऐकून पूर्वी मला फार अभिमान वाटायचा.

माया आहेच, ती अशीच असू द्या.

आपली,
पदवीधरबाई

९ फेब्रुवारी

समस्त शेवटच्या बाकास,
स. न. वि. वि.

मंडळी, पोटं सुटली, नोकऱ्या सुटल्या, पण आपण एकमेकांना सोडलं नाही. कवीच्या मुलीचं लग्न ठरलंय. त्यावर त्याने कविता केली आहे, सावध राहा. पैलवानाचा गुडघा बदलला. परीक्षानळी अजून तितकीच बारीक आहे आणि पोरांना तितकंच रसायनशास्त्र शिकवते. माझ्या थोरल्याचं धंद्यात मन नाही. त्याला काय करायचंय ते त्यालाही माहीत नाही. तेव्हा अजून मीच शेठ.

यंदा मार्चच्या पहिल्या रविवारी माझ्या कोल्ड स्टोरेजवर जमायचं. मुलाबाळांसकट या. कॉम्प्रेसरच्या खोलीमागे सावली छान पडते, तिथेच खुर्च्या टाकतो. नेहमीचा खेळ होणारच: नाकाचे डोळे बांधायचे आणि वासावरून ओळखायला पुढे बाटल्या धरायच्या. गेल्या वर्षी सगळ्या मुद्दाम चुकीच्या सांगून त्याने हसवून मारलं. गोदाम फळांनी गच्च भरलंय, पण मी निर्धास्त झोपतो ते त्याच्याच जिवावर.

येणार नाही त्याला माझा निरोप नाही, वाट पाहणं आहे.

तुमचा,
शेठ

१४ फेब्रुवारी

चि. पदवीधरबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि शेठचं पत्र एकाच आठवड्यात आलं, आणि दोन्ही शेजारी ठेवून मी तीनतीनदा वाचली. इकडे तुझे काका निवृत्त झाले आहेत. दिवसभर घरात माझ्या चुका काढतात. कालपासून माझं त्यांच्याकडेही लक्ष नाही.

गेल्या वर्षीच्या खेळात शेवटची पाळी माझी होती. डोळे बांधलेल्या तुझ्या बाबांपुढे मी गंमत म्हणून नुसता धुतलेला रुमाल धरला. त्याने मोठा श्वास घेतला आणि निलगिरी असं सांगितलं. सगळे हसले. मला वाटलं, तोही चेष्टाच करतोय.

तू शिकलेली आहेस, तरी सांगते. नाक गेलं तरी अमोनियाने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, म्हणून माणसाला वाटतं की आपल्याला कळेल. पण तोवर गळती वाढलेली असते. आधी त्याच्याशी बोल, शांतपणे. रागावू नकोस. वर्गात दुसरं काहीच त्याच्या वाट्याला आलं नाही, पदवीसुद्धा. ते एक नाक तेवढं आलं.

जपून राहा, आणि जे होईल ते मला लगेच कळव.

तुझी,
मावशी

२३ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

बोलले. बाबा आधी हसले, मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. दोन वर्षांपूर्वीच्या तापात वास गेला तो परत आलाच नाही म्हणाले. मी विचारलं की मग इतके दिवस गळती कशी ओळखली. ते म्हणाले, चेहऱ्यांवरून. आत-बाहेर करणाऱ्या हमालांकडे ते बघत राहतात. कुणाचं नाक आक्रसलं की उठतात आणि व्हॉल्व्ह तपासतात. अजून तरी चुकलो नाही, एवढा मेळावा होऊ दे, मग मीच शेठला सांगतो, म्हणाले. मावशी, आत इतकी थंडी असते की सगळे डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळून असतात. आणि वास आला तरी कुणी बोलत नाही. नाक बसलंय ना तिथे, असं म्हणतात.

शेठकाकांकडे मी फक्त भोंग्याचं बोलले. त्यांनी डोक्यावर टपली मारली आणि बाबांच्या नाकावर लेकीचाच भरवसा नाही म्हणून हसले. हंगाम संपल्यावर बघू म्हणाले.

आज सकाळी मीच इलेक्ट्रिशियनला घेऊन गेले आणि भोंगा जोडून घेतला. जोडताक्षणी तो वाजायला लागला. थांबेचना. हमाल जागच्या जागी उभे राहिले आणि सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा त्यांच्याकडे बघत होते, एकेका मफलरकडे. त्यांना काही दिसत नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले. मी तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि मला येत असलेला वास त्यांना माझ्या चेहऱ्यावर बघू दिला. ते असे ओरडले, की तसं मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. सगळे बाहेर पडले. कुणाला काही झालं नाही. मशीन बंद आहे, फळं आत आहेत. बाबा फाटकाशी बसून आहेत आणि शेठकाका गाडीने निघाले आहेत.

आमच्यावरची माया या पत्रानंतरही तशीच राहावी, ही विनंती.

आपली,
पदवीधरबाई

ता. क. शेठकाका भोंगा पुन्हा काढायला लावतील, हे मला ठाऊक होतं. म्हणून तो जोडण्याआधीच मी सरकारी निरीक्षकांना फोन केला होता. गळती कोण तपासतं, असं त्यांनी विचारलं. मी बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, आणि त्यांना वास येत नाही, हेही सांगितलं.