लॉजमधलं हळदीकुंकू

१० जाने. ५३, शनि., कल्याण
अखेर फ्रीमेसनांच्या गुप्त मंडळाचा लॉज, म्हणजे सभेचा हॉल, आतून पाहिला! साहेब लोक गेल्यापासून बंदच. किल्ली अण्णा वकिलांकडे, ते उरलेल्या सभासदांपैकी. जूनपर्यंत धर्मशाळेची ओसरी सोडायचीय, माझी मुलींची शाळा न्यायची कुठे, म्हणून त्यांच्या मागेच लागले होते. बाहेर दगडी खांब, वर त्रिकोणी माथा. आत काळी-पांढरी फरशी, निळ्या छतावर सोनेरी तारे! आणि बाहेरून दिसतात त्या खिडक्या चक्क खोट्या, आतून सलग भिंत. असं का? तर अण्णा, "ते सांगायचं नसतं." बरं, नका सांगू. मुलींच्या घरच्यांची तयारी असेल तर सभासदांपुढे विषय ठेवतो म्हणालेत.

१२, सोम.
उत्साहावर विरजण. आया एका सुरात नाही म्हणतायत. "बाई, तिथं माणसाची कवटी ठेवतात!" खडवलीच्या सुशीची आई तर तिचं नाव शाळेतूनच काढते म्हणाली. मुलीच नाहीत तर शाळा कसली? रडू आलं. मग राग.

१३, मंगळ.
सुचलं!! संक्रांतीचं हळदीकुंकू लॉजमध्येच करायचं. त्याला कोण नाही म्हणेल? अण्णा उडालेच. "आत बायका? आजवर एक गेली नाही." म्हटलं, शनिवारी मी गेले की! तर म्हणाले, "सभा नसेल तेव्हा नुसता हॉलच तो."

१८, रवि.
पाय मोडून आलेत, पण लिहिणारच. आल्या! पायरीवर घुटमळल्या. सुशीच्या आईनं आधी दोन्ही खांबांना हळदकुंकू लावलं, मगच आत. अण्णांनी डोळे मिटून घेतले. आत सगळ्या वर बघत उभ्या, तिळगूळ हातातच. साहेबाच्या उंच खुर्चीत कोण बसणार यावर हसून पुरेवाट.
शेवटी काकू आल्या, अण्णांच्या पत्नी. लग्न झाल्यापासून लॉजसाठी अण्णांचा काळा कोट तयार ठेवायच्या, आत काय ते कधी विचारलं नाही. हळूहळू सगळीकडे फिरल्या. म्हणाल्या, "एवढंच?" आम्ही खो खो हसलो. त्या नाही.
आया घरी विचारून सांगणार. पण सुशीच्या आईनं जाताना विचारलं, "पावसात गळत नाही ना?" आशा आहे!

१९, सोम.
सकाळीच अण्णा दारात. लॉजचा निकाल आला वाटून घाईनं चहा टाकला. बसले, चहाला हात लावला नाही.
"काल ही जेवताना फक्त म्हणाली, एवढंच होतं तर मला का नाही सांगितलंत?"
"मग तुम्ही काय म्हणालात?"
"काय म्हणणार?" म्हणाले आणि उठलेच. शाळेचं विचारायचं राहूनच गेलं.