मागच्या दारची काचेची खोली

१२ जानेवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं, यांना वाचूनही दाखवलं. यांची डावी बाजू लुळी पडल्याला सात महिने झाले. अजून मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. डॉक्टर म्हणतात, ऊन हवं पण वारा नको. आता असं ऊन आणू कुठून?

तुम्ही सुचवलंत तशी मागच्या दाराला लागून काचेची खोली काढूया म्हटलं, तर यांनी उजवा हात जोरजोरात हलवला. जीभ जड झालीय, बाकी काही समजत नाही. पण ‘नको’ मात्र अगदी स्वच्छ येतं. तीस वर्षं गवंडीकाम करून लोकांची घरं उभी केली, आणि स्वतःच्या घराला वीट लावायची तर एवढा राग! आता तुम्हीच यांना समजवा.

माया अशीच असू द्या.
तुमची,
धाकटी

२० जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी तो औषधालाही नको म्हणायचा. मी नाक दाबून पाजायची. त्याला म्हणावं, ताईचं वय झालंय पण बोटांत जोर आहे अजून. खोली होणार म्हणजे होणार. तू मिस्त्री बघ आणि काम सुरू कर, रुसवा माझ्या नावावर घाल.

आणि काय गं, दोन पानी पत्रात स्वतःबद्दल एक ओळ नाही? वेळेवर जेवतेस ना? उलटटपाली कळव, नाहीतर मीच येऊन बसेन तुझ्या उरावर.

तुझी,
वन्सं

१७ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

जेवते हो, वेळेवर जेवते. आता ऐका. कमरेएवढी भिंत झाली, काचेच्या चौकटींखालचा कट्टाही झाला. हे रोज पडल्या पडल्या दारातून नुसते बघायचे. काल सकाळी एकदम काहीतरी ओरडायला लागले. मिस्त्रीला समजेना, मलाही समजेना. मी पाणी आणलं तर पिईनात. तांब्या माझ्या हातून घेतला आणि उठले हो! भिंतीला खांदा लावून, पाय ओढत कट्ट्यापर्यंत गेले. मी मागे हात पसरून, जीव मुठीत धरून. तिथे तांब्या ओतला. सगळं पाणी घरात आलं. कट्ट्याचा उतार बाहेर असायचा तो आतल्या बाजूला होता!

मिस्त्रीचा चेहरा पडला. म्हणाला, चूक माझीच, पुन्हा करतो. मग यांच्यासाठी खुर्ची आणली आणि विचारलं, मालक, किती उतार देऊ? यांनी दोन बोटं दाखवली. तेव्हापासून खुर्ची तिथेच आहे. मिस्त्री विचारतो, हे मान हलवतात. मी फरशीवरचं पाणी पुसता पुसता रडून घेतलं. तुम्ही हट्ट धरला नसता तर हा दिवस दिसला नसता.

लोभ राहू द्या.
तुमची,
धाकटी

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. उजवा हात पहिल्यापासून धड होता, लिहावंसंच वाटत नव्हतं.

मी नको का म्हणत होतो ते सांगतो. या मागच्या गल्लीनं मला शिडीवर चढताना पाहिलंय. लुळा झाल्यावर काचेत बसवून दाखवणार, असं वाटायचं. आता इथे बसतो तर येणारे-जाणारे हात करतात, मीही करतो. एवढंच होतं. उगाच घाबरलो.

काल ती समोर बसून भाजी निवडत होती. डोक्यावर ऊन पडलं तेव्हा दिसलं, या महिन्यांत केस किती पांढरे झालेत तिचे. मला पुसलं, भरवलं, उठवलं-बसवलं, माझा वैताग सोसला. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. ती होती म्हणून मी आहे, हे तिला सांगायचं होतं. जीभ वळली नाही. वळली असती तरी लाजलो असतो.

म्हणून हे पत्र पेटीत टाकायला तिच्याच हातात देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझा,
धाकटा भाऊ